गाडी कित्येक महिने उभी राहणार असेल तर बॅटरीसाठी कोणता चार्जर घ्यावा?

धागालेखक

कामानिमित्त मला सुमारे सात महिने बाहेर राहावे लागणार आहे आणि त्या काळात चारचाकी आणि मोटारसायकल अशा दोन्ही गाड्या गॅरेजमध्ये उभ्या राहतील. गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होण्याची सोय चारचाकीत असल्यामुळे तिला ६० अँपिअर-तासांची एजीएम बॅटरी (आतले आम्ल काचेच्या तंतूंच्या चटईत शोषलेली सीलबंद शिशाची बॅटरी) आहे. मोटारसायकलची बॅटरी ९ अँपिअर-तासांची असून तीही सीलबंद आहे.

मागच्या खेपेस पाच महिन्यांनी परतलो तेव्हा रिमोटने दार उघडले नाही. किल्लीने उघडून बॅटरीला मल्टिमीटर लावला तर ३.९ व्होल्ट दिसले. दोन दिवस चार्ज करून व्होल्टेज १२.४ पर्यंत चढले खरे, पण सेल मारताच ते ८ च्या खाली गेले आणि इंजिन फिरलेच नाही. ती बॅटरी जेमतेम दीड वर्षाची होती, म्हणून या वेळी आधीच विचारतो आहे.

माझ्यासमोर तीन पर्याय आहेत. एक जुन्या पद्धतीचा, ट्रान्सफॉर्मर असलेला वजनदार १० अँपिअरचा चार्जर, दुसरा १ अँपिअरचा छोटा ‘मेंटेनर’ आणि तिसरा ५ अँपिअरचा, बॅटरीच्या प्रकारानुसार वेगवेगळे मोड असलेला. निवड कशावरून करावी? शिवाय शेजारी आठवड्यातून एकदा दहा मिनिटे इंजिन चालू करून ठेवायला तयार आहेत. तेवढ्याने भागेल का, हेही जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद १

तुमची बॅटरी का गेली हे आधी पाहू, कारण चार्जरची निवड त्यावरच अवलंबून आहे. कुलूप लावून उभी केलेली आजची चारचाकी पूर्ण झोपत नाही. अलार्म, रिमोटचा रिसीव्हर, घड्याळ आणि निरनिराळ्या नियंत्रकांची स्मृती मिळून साधारण २० ते ५० मिलिअँपिअर प्रवाह सतत घेत राहतात. ३० मिलिअँपिअर धरले तरी दिवसाला ०.७२ अँपिअर-तास जातात, म्हणजे ६० अँपिअर-तासांची भरलेली बॅटरी कागदावर ८३ दिवसांत रिकामी होते. तुम्ही पाच महिन्यांनी परतलात. निम्मा काळ ती बॅटरी रिकामीच पडून होती.

बॅटरी रिकामी होत जाते तसतसे दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट तयार होते. ते ताजे असताना बारीक कणांच्या रूपात असते आणि चार्जिंग सुरू होताच सहज विरघळते. आठवडे उलटू लागले की त्याचे मोठे, घट्ट स्फटिक बनतात, त्यांवर चार्जिंगचा परिणाम फार कमी होतो आणि प्लेटचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. म्हणून तुम्हाला १२.४ व्होल्ट दिसले, पण जोर नव्हता.

आता चार्जरविषयी. चार्जर घेताना बहुतेक जण तो किती अँपिअरचा आहे हे पाहतात, आणि बंद पडलेली गाडी रातोरात चालू करायची असेल तर ते बरोबरही आहे. महिनोन्महिने जोडून ठेवायच्या चार्जरला मात्र मी एकच प्रश्न विचारतो: बॅटरी भरल्यानंतर तू काय करतोस? सात महिन्यांपैकी बॅटरी भरण्यात जाणारा वेळ एखाद्या दिवसाचा आहे आणि उरलेले दोनशेहून अधिक दिवस चार्जर एका भरलेल्या बॅटरीला जोडलेला असणार आहे.

चांगला चार्जर आधी पूर्ण प्रवाह देतो, मग व्होल्टेज १४.४ ते १४.७ च्या आसपास स्थिर ठेवून प्रवाह हळूहळू कमी होऊ देतो, आणि प्रवाह अगदी थोडा उरला की १३.५ ते १३.८ व्होल्टवर उतरून तिथे थांबतो. या शेवटच्या टप्प्याला फ्लोट म्हणतात. काही चार्जर या टप्प्यावर पूर्ण थांबतात आणि व्होल्टेज १२.७ किंवा १२.८ पर्यंत घसरले की पुन्हा थोडे चार्ज करतात. दोन्ही रीती चालतात. जुना ट्रान्सफॉर्मरवाला चार्जर यातले काहीही करत नाही. बॅटरी भरली तरी तो प्रवाह ढकलतच राहतो, व्होल्टेज १५ च्या पुढे जाते आणि आतल्या पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन बाहेर पडू लागतात. साध्या बॅटरीत निदान वरून पाणी टाकता येते. एजीएममध्ये ती सोय नाही, त्यामुळे गेलेले पाणी गेलेच.

तेव्हा तुमच्या यादीतला पहिला पर्याय आत्ताच खोडून टाका.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाला माझ्या अनुभवाची जोड देतो. शेतीच्या हंगामापुरताच लागणारा ट्रॅक्टर एरवी उभा असतो, म्हणून मी त्याच्या बॅटरीला असाच एक वजनदार चार्जर ‘कमी’च्या खुणेवर ठेवून जोडून दिला. काटा जेमतेम अर्धा अँपिअर दाखवत होता आणि इतक्या थोड्या प्रवाहाने काय बिघडणार, असे मला वाटले. अकरा आठवड्यांनी पाहिले तर सहाही खान्यांतल्या प्लेटांचे वरचे टोक उघडे पडले होते, झाकणांभोवती आम्लाचा ओलसर थर होता आणि बॅटरीखालच्या लोखंडी ट्रेचा रंग उडून गंज धरला होता. डिस्टिल्ड वॉटर भरून चार्ज केले, तेव्हा हायड्रोमीटरवर (आम्लाची घनता मोजणाऱ्या नळीवर) चार खाने १.२५० पर्यंत आले, दोन १.१५० च्या पुढे सरकलेच नाहीत. दोन खाने गेले म्हणजे बॅटरी गेली.

अर्धा अँपिअर ऐकायला थोडा वाटतो, पण अकरा आठवड्यांत तो ९०० अँपिअर-तासांहून अधिक होतो.

धागालेखक

दोघांचेही मनापासून आभार. ‘भरल्यानंतर काय करतो’ हा प्रश्न माझ्या मनात आलाच नव्हता. आता १ अँपिअर आणि ५ अँपिअर यांतले कोणते घ्यावे? एकच चार्जर दोन्ही गाड्यांना चालेल का? आणि उन्हाळ्यात माझे गॅरेज बरेच तापते, त्याचा काही विचार करावा लागेल का?

प्रतिसाद ३

केवळ भरलेली बॅटरी भरलेली ठेवायची असेल तर चारचाकीलाही १ अँपिअर भरपूर आहे, कारण गाडीची स्वतःची गळती त्याच्या विसाव्या भागाइतकीही क्वचितच असते. पण अर्धी उतरलेली ६० अँपिअर-तासांची बॅटरी त्याच चार्जरवर भरायला दीड दिवसाहून अधिक वेळ लागतो आणि काही छोटे चार्जर ठरावीक तासांत बॅटरी भरली नाही तर ती सदोष समजून थांबतात. चार्जर जोडण्यापूर्वी बॅटरी भरलेली असेल तर हा प्रश्न उद्भवत नाही.

मोटारसायकलच्या बाबतीत उलटी काळजी घ्यावी लागते. प्रवाह साधारणपणे क्षमतेच्या दहाव्या भागाइतका असावा हा जुना ठोकताळा आजही उपयोगी आहे, त्यानुसार ९ अँपिअर-तासांना सुमारे १ अँपिअर योग्य. ५ अँपिअर तिला जास्त होतील. तुमच्या तिसऱ्या पर्यायात लहान बॅटरीसाठी प्रवाह कमी करणारा मोड असेल तर एक चार्जर आलटूनपालटून वापरता येईल, मात्र तुम्ही घरी नसताना आलटूनपालटून लावणार कोण? दोन्ही गाड्या सतत जोडलेल्या ठेवायच्या असतील तर दोन स्वतंत्र चार्जर लागतील. एकाच चार्जरला दोन वेगळ्या प्रकारच्या बॅटऱ्या समांतर जोडू नयेत.

उष्णतेचा प्रश्न महत्त्वाचा आहे. वर दिलेले फ्लोटचे आकडे २५ अंश सेल्सिअससाठी आहेत. बॅटरी जितकी गरम, तितके कमी व्होल्टेज तिला पुरते: १२ व्होल्टच्या बॅटरीसाठी दर अंशामागे १८ ते ३० मिलिव्होल्ट. ४० अंशांच्या गॅरेजमध्ये १३.६ ऐवजी १३.२ ते १३.३ व्होल्टच हवेत, आणि १३.८ कायम दिले तर एजीएम हळूहळू सुकत जाते. म्हणून तापमानानुसार व्होल्टेज बदलणारा चार्जर मिळाला तर तोच घ्यावा. तापमान मोजणारा संवेदक बऱ्याचदा चार्जरच्या पेटीतच असतो हे ध्यानात ठेवून पेटी बॅटरीजवळ, त्याच हवेत ठेवावी. पेटी थंड फरशीवर आणि बॅटरी तापलेल्या बॉनेटखाली असेल तर त्या सोयीचा उपयोग नाही.

प्रतिसाद ४

वीज जाऊन परत आली की चार्जर काय करतो, हेही तपासा. काही मोडवाले चार्जर वीज परतल्यावर थेट स्टँडबायमध्ये जातात आणि कुणीतरी येऊन बटण दाबेपर्यंत तसेच बसून राहतात. आपण निर्धास्त असतो आणि इकडे गाडीची गळती सुरूच असते. काही चार्जर तर वीज नसताना स्वतःच्या दिव्यासाठी बॅटरीतूनच काही मिलिअँपिअर घेतात.

परीक्षा सोपी आहे. चार्जर जोडा, मोड निवडा, फ्लोटचा दिवा लागू द्या, भिंतीवरचा स्विच पाच मिनिटे बंद करून पुन्हा चालू करा. काहीही न दाबता चार्जर त्याच मोडमध्ये परतला तर तो तुमच्या कामाचा आहे. परतला नाही तर बाकी कितीही गुण असले तरी सात महिन्यांसाठी तो घेऊ नका.

प्रतिसाद ५

माझ्या मोटारसायकलला लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी आहे, म्हणून पुढे हा धागा वाचणाऱ्यांसाठी थोडे लिहितो. वरचे फ्लोटविषयीचे काहीही तिला लागू नाही. तिचे स्वतःचे विसर्जन (न वापरताही आपोआप उतरणे) इतके कमी असते की टर्मिनल काढून ठेवली तर महिनोन्महिने तिला काही लागत नाही, आणि पूर्ण भरून ठेवण्यापेक्षा अर्ध्याच्या थोडे वर ठेवणे तिच्या आयुष्याच्या दृष्टीने अधिक चांगले असते. शिशाच्या बॅटरीसाठी असलेल्या चार्जरचा दुरुस्तीचा मोड, जो काही चार्जरमध्ये १५.८ व्होल्टपर्यंत जातो, तिच्यावर कधीही लावू नये. शून्य अंशाखालील तापमानात तिला चार्जही करू नये. चार्जरवर लिथियमचा वेगळा मोड असल्याचे स्पष्ट लिहिलेले नसेल तर तो तिच्यासाठी नाही असेच धरावे.

दुरुस्तीचा मोड एजीएमवरही नको, आणि साध्या बॅटरीवर वापरायचा झाला तर तिची दोन्ही टर्मिनल गाडीपासून सोडवूनच वापरावा, कारण तेवढे व्होल्टेज गाडीतल्या नियंत्रकांना सोसेलच असे नाही.

प्रतिसाद ६

शेजाऱ्यांनी दहा मिनिटे इंजिन चालवण्याविषयी. यावर नेहमी असे सांगितले जाते की सेल मारण्यात जितकी वीज जाते तितकी दहा मिनिटांत परत येत नाही. मला हे कारण पटत नाही. सेलने तीन सेकंद २०० अँपिअर घेतले तरी खर्च ०.१७ अँपिअर-तासांचाच होतो आणि अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज तयार करणारा भाग) तो काही मिनिटांत भरून काढतो. खरी अडचण दुसरीच आहे. आठवडाभरात गळतीने गेलेले सुमारे पाच अँपिअर-तास परत आणायचे असतात, आणि शिशाची बॅटरी शेवटचा पाचवा भाग अत्यंत सावकाश घेते, कितीही मोठा अल्टरनेटर असला तरी त्याला तास लागतात. परिणामी दर आठवड्याला थोडी तूट राहते आणि बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. त्यात इंजिन पुरेसे तापत नसल्यामुळे ज्वलनातून तयार झालेले पाणी ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये साचते. शेजाऱ्यांच्या सद्भावाचा उपयोग करायचा असेल तर त्यांना दर पंधरवड्याला चार्जरचा दिवा पाहायला सांगा, इंजिन चालू करायला नको.

प्रतिसाद ७

सर्वांच्या प्रतिसादांत माहिती उत्तम आहे, पण एका गोष्टीला माझा विरोध आहे. घरात कुणी नसताना सात महिने विजेचे उपकरण बंद गॅरेजमध्ये चालू ठेवावेच लागेल, असे आपण सर्वांनी गृहीत धरले आहे. एजीएम बॅटरी गाडीपासून सोडवून ठेवली तर ती स्वतःहून महिन्याला साधारण १ ते ३ टक्केच उतरते. महिन्याला २ टक्के धरले तर सात महिन्यांत १४ टक्के, म्हणजे परतल्यावर ती ८५ टक्क्यांच्या आसपास असेल आणि इंजिन आरामात चालू होईल. निघण्याच्या आदल्या दिवशी चांगल्या चार्जरने ती पूर्ण भरायची, टर्मिनल काढायचे, झाले. वीज नाही, वायर नाही, चिंता नाही. चार्जर चांगलाच घ्या, पण तो एका रात्रीपुरता वापरा.

प्रतिसाद १ लिहिणारा

तुमचा मुद्दा मला मान्य आहे, आणि तो मी आधीच मांडायला हवा होता. दोन बाबी मात्र जोडतो. पहिली उष्णतेची: तापमान १० अंशांनी वाढले की हे विसर्जन साधारण दुप्पट होते, त्यामुळे २५ अंशांना २ टक्के असेल तर ४५ अंशांना ८ टक्के. तापणाऱ्या गॅरेजमध्ये सोडवलेली बॅटरी ठेवण्यापेक्षा ती घरातल्या थंड खोलीत आणून ठेवावी. थंडीने तिचे काही बिघडत नाही. कडाक्याच्या थंडीतही भरलेली बॅटरी गोठत नाही; गोठते ती रिकामी बॅटरी, शून्याखाली थोड्याच अंशांवर, कारण तिच्यातले आम्ल जवळजवळ पाणी झालेले असते.

दुसरी बाब गाडीची. काही चारचाक्यांत बॅटरी सोडवली की अलार्म आणि दाराचे कुलूप चालत नाही, काचा आपोआप वर जाण्याचे आणि गिअरबॉक्सचे शिकलेले माप पुसले जाते, रेडिओ सांकेतिक क्रमांक मागतो. हे ज्यांना चालत नाही त्यांच्यासाठी चार्जर हाच उपाय उरतो. मोटारसायकलच्या बाबतीत मात्र मी तुमच्याच बाजूने आहे.

धागालेखक

या चर्चेने माझा निर्णय बराच सोपा झाला. मोटारसायकलची बॅटरी भरून, काढून आतल्या खोलीत ठेवतो. चारचाकीचा अलार्म मला चालू हवा आहे, शिवाय डिकीला बाहेरून किल्ली लावण्याची जागाच नाही, म्हणून तिला चार्जर जोडूनच ठेवावा लागेल. आता जोडणीविषयी सांगावे. चिमटे सात महिने तसेच लावून ठेवणे मला धोक्याचे वाटते.

प्रतिसाद ३ लिहिणारा

चिमटे एका रात्रीपुरते ठीक आहेत. दीर्घकाळासाठी गोल कडी असलेली वायर वापरावी, जी टर्मिनलच्या बोल्टखाली पान्ह्याने घट्ट बसते आणि जिच्या दुसऱ्या टोकाला चार्जरचा प्लग असतो. तिच्या धन वायरवर बॅटरीलगतच फ्यूज असायला हवा. फ्यूज चार्जरच्या बाजूला असेल तर मधली वायर बॉनेटच्या कडेत चेपून सोलली गेल्यावर तो काहीच वाचवत नाही, कारण धोका बॅटरीकडून येणाऱ्या प्रवाहाचा असतो. म्हणून वायर बिजागरीच्या बाजूने, जिथे पत्रा तिला दाबत नाही, तिथून बाहेर काढा आणि बॉनेट पूर्ण बंद करून ती हाताने मागेपुढे सरकते का पाहा.

तुमच्या गाडीत बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर एक छोटी काळी डबी दिसेल. तो बॅटरीचा संवेदक आहे आणि किती प्रवाह आत-बाहेर गेला याचा हिशेब तो ठेवतो. ऋण कडी थेट टर्मिनलवर बसवली तर चार्जरने दिलेली वीज त्याच्या हिशेबात येत नाही आणि गाडी बॅटरी रिकामी समजते. म्हणून ती गाडीच्या सांगाड्यावर, उत्पादकाने नेमून दिलेल्या जागी बसवावी. ज्यांच्या गाडीत बॅटरी डिकीत किंवा सीटखाली असते, त्यांना बॉनेटखाली चार्जिंगसाठी दोन स्वतंत्र खुंट्या दिलेल्या आढळतील.

आणि गॅरेजला वरच्या बाजूला हवा खेळती राहील एवढी फट असू द्या. हायड्रोजन हलका असतो आणि हवेत ४ टक्के झाला की पेट घेऊ शकतो. फ्लोटवरची धडधाकट एजीएम तेवढा सोडत नाही, पण एखादा खाना बिघडला तर सांगता येत नाही.

धागालेखक

धागा अर्धवट राहू नये म्हणून लिहितो. शेवटी ५ अँपिअरचा, एजीएम मोड असलेला आणि तापमानानुसार व्होल्टेज बदलणारा चार्जर घेतला. पहिल्यांदा जो आणला होता तो स्विच बंद-चालू करण्याच्या परीक्षेत नापास झाला, वीज परतल्यावर नुसता स्टँडबायचा दिवा लुकलुकत राहिला, म्हणून तो त्याच दिवशी परत केला. दुसरा आपल्या मोडमध्ये बरोबर परतला.

आज जोडून तिसरा दिवस आहे. पहिल्या संध्याकाळी टर्मिनलवर १४.६ व्होल्ट होते, दुसऱ्या दिवशी सकाळी १३.५ आणि आज गॅरेजमध्ये ३३ अंश असताना १३.४. वायर बिजागरीच्या बाजूने काढली आहे आणि ऋण कडी सांगाड्यावरच्या खुंटीला बसवली आहे. मोटारसायकलची बॅटरी भरून चोवीस तास विसावल्यानंतर १२.९ व्होल्ट दाखवत आहे. तिच्यावर तारीख आणि हा आकडा लिहिलेली चिठ्ठी चिकटवून ती कपाटाच्या खालच्या खणात ठेवली आहे. शेजाऱ्यांना दर पंधरवड्याला फक्त हिरवा दिवा पाहायला सांगितले आहे. परतल्यावर दोन्ही बॅटऱ्यांचे आकडे याच धाग्यावर लिहीन.